बत्तिशीची कामवाटणी

मराठी माणसाच्या बोलण्यात दात पदोपदी डोकावतात. संतापलेला माणूस दातओठ खातो, शरण आलेला दाती तृण धरतो, समजावून सांगणाऱ्याच्या दातांच्या कण्या होतात. काटकसरीची मर्यादा दाखवताना 'दात कोरून पोट भरत नाही' असे म्हटले जाते. आणि दैवाची उलटी चाल सांगण्यासाठी 'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत' याहून नेमके शब्द सापडणे कठीण.

प्रत्यक्ष तोंडातल्या दातांविषयी मात्र सुशिक्षित घरांतही माहिती बेताचीच असते. दात किती, असे विचारले तर 'बत्तीस' हे उत्तर चटकन मिळते. पण त्यांपैकी कोणत्या प्रकारचे किती, कोणता कोणत्या वयात येतो, कोणता पडल्यावर पुन्हा उगवतो आणि कोणता एकदा गेला की कायमचा जातो, हे थोड्यांनाच सांगता येते. या अपुऱ्या माहितीची किंमत अनेकदा एका विशिष्ट दाढेला मोजावी लागते. ती मुलाच्या सहाव्या वर्षी गाजावाजा न करता येते, दुधाची समजली जाते आणि 'पडणारच आहे' या समजुतीपायी किडू दिली जाते. ही दाढ एवढी मोलाची का, हे कळण्यासाठी आधी तोंडातली कामवाटणी समजून घ्यायला हवी.

संस्कृतात दाताला 'द्विज' असेही नाव आहे. द्विज म्हणजे दोनदा जन्मणारा. आधी दुधाचे वीस आणि नंतर कायमचे बत्तीस, असे दात दोनदा येतात, हे निरीक्षण त्या एका शब्दात साठवलेले आहे. तिसरा जन्म मात्र नाही.

दाताची घडण

हिरडीच्या वर दिसतो तो दाताचा माथा आणि जबड्याच्या हाडात रुतलेले असते ते मूळ. माथ्यावर इनॅमलचे पांढुरके कवच असते. मानवी शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ होय. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा, मुख्यतः कॅल्शियम व फॉस्फेट यांच्या स्फटिकांचा असतो. त्यात जिवंत पेशी नसतात. दात हिरडीबाहेर येतो तेव्हा इनॅमल घडवणाऱ्या पेशी आपले काम संपवून नाहीशा झालेल्या असतात. म्हणून मोडलेले हाड सांधते, कापलेली त्वचा भरून येते, पण झिजलेले वा तुटलेले इनॅमल पुन्हा तयार होत नाही. सुरुवातीची झीज लाळेतील खनिजे आणि फ्लोराइड काही प्रमाणात भरून काढतात. एकदा खड्डा पडला की तोही मार्ग बंद होतो.

इनॅमलच्या आत डेंटीन हा थोडा मऊ, पिवळसर थर असतो. त्यात अतिसूक्ष्म नलिका असतात. वरचे कवच झिजले की थंड पाणी झोंबते ते या नलिकांमुळेच. सर्वांत आत दंतमज्जा असते. रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांचे हे कोठार. कीड येथवर पोहोचली की रात्रीची झोप उडते.

दाताचे मूळ हाडात सिमेंटसारखे घट्ट बसवलेले नसते. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा अगदी पातळ, पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचा पडदा असतो. चावताना बसणारा दाब तो झेलतो आणि त्या दाबाची वार्ता मेंदूला देतो. भातातला बारीकसा खडा दाताखाली येताच जबडा जागच्या जागी थांबतो, ती या तंतूंची करामत असते.

सर्व दातांची घडण अशी सारखी असली, तरी आकार मात्र कामाप्रमाणे बदलतो. त्यावरून चार प्रकार पडतात : पटाशीचे दात, सुळे, उपदाढा आणि दाढा.

पटाशीचे दात : कापणारे

वरच्या जबड्यात समोर चार आणि खालच्या जबड्यात चार, असे पटाशीचे दात एकूण आठ. पटाशी हे सुताराचे हत्यार. चपटे पाते आणि सरळ धार असलेल्या या हत्यारावरून दातांना नाव मिळाले, आणि नावाप्रमाणेच त्यांचे काम आहे. पेरूचा तुकडा तोडायचा असो वा पोळीच्या गुंडाळीचा घास घ्यायचा असो, पहिला वार यांचाच असतो. वरचे दात खालच्या दातांच्या किंचित पुढे असतात. त्यामुळे तोंड मिटताना दोन्ही धारा एकमेकींवर आपटत नाहीत, तर कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींजवळून सरकतात.

यांना मूळ एकच, तेही निमुळते. धार कापण्यासाठी असली, तरी ती भार पेलण्यासाठी नसते. सुपारी फोडणे, बाटलीचे झाकण उघडणे, विजेच्या तारेचे आवरण सोलणे ही कामे या दातांवर लादली की त्यांचे कोपरे उडतात. वर्षानुवर्षे दाताने दोरा तोडणाऱ्यांच्या पटाशीच्या दातांवर बारीक खाचही पडलेली दिसते.

खाण्याखेरीज या दातांकडे आणखी एक काम आहे, ते म्हणजे उच्चार. त, थ, द, ध, न हे वर्ण जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे टेकवून उच्चारले जातात, म्हणून व्याकरणकारांनी त्यांना दंत्य म्हटले. 'व' उच्चारताना खालचा ओठ वरच्या दातांकडे जातो, म्हणून तो दंतौष्ठ्य. मराठीत तर 'चार'मधला च आणि 'चमचा'मधला च वेगळा. दुसऱ्या उच्चाराला दंततालव्य म्हणतात, कारण त्यात जीभ दातांजवळ येते. समोरचे दात पडलेल्या सहा-सात वर्षांच्या मुलाचे बोलणे काही दिवस बोबडे वाटते, त्याचे कारण येथे सापडते.

पडताना वा खेळताना सर्वांत जास्त इजा होते ती वरच्या मधल्या दोन दातांना. कायमचा दात मुळासकट निखळला, तर तो टाकून देऊ नये. माथ्याकडून धरावा, मुळाला हात लावू नये, घासू नये. मळलेला असल्यास क्षणभर पाण्याखाली धरून शक्य तर जागेवर बसवावा. ते जमत नसेल तर थंड दुधात ठेवून ताबडतोब दंतवैद्याकडे जावे. अर्ध्या तासाच्या आत दात पुन्हा बसवला गेला, तर तो जगण्याची शक्यता चांगली असते. जसजसा वेळ जातो तसतशी ती घटते. दुधाचा दात मात्र असा पुन्हा बसवत नाहीत. त्याच्या खाली तयार होत असलेल्या कायमच्या दाताला त्यामुळे धक्का पोहोचू शकतो.

सुळे : कोपऱ्यावरचे खांब

पटाशीच्या दातांच्या दोन्ही अंगांना एकेक, असे वर दोन आणि खाली दोन मिळून चार सुळे असतात. डोंगराच्या सुळक्यासारखा टोकदार माथा हे त्यांचे लक्षण. पदार्थात रुतून तो फाडणे, हे त्यांचे काम. उसाचे कांडे सोलताना हात आपोआप ते तोंडाच्या कोपऱ्याकडे नेतो, तो सुळ्यांच्या आणि त्यांच्या शेजाऱ्यांच्या भरवशावर.

सुळ्याचे मूळ एकच असले तरी लांब आणि भक्कम असते. संपूर्ण तोंडात सर्वांत लांब मूळ वरच्या सुळ्याचे. म्हणूनच म्हातारपणी इतर दात पडले तरी सुळे अनेकदा शेवटपर्यंत टिकून राहतात. ओठांच्या कोपऱ्यांना आधार देऊन चेहऱ्याची ठेवण राखण्याचे कामही ते करतात. शिवाय जबडा बाजूला सरकतो तेव्हा खालचा सुळा वरच्या सुळ्यावरून घसरतो आणि मागच्या दाढा एकमेकींपासून किंचित सुटतात. त्यामुळे आडवा ताण दाढांवर येत नाही.

वरचे सुळे उशिरा, अकराव्या-बाराव्या वर्षी येतात. तोवर आजूबाजूचे दात जागा अडवून बसलेले असतील, तर सुळा हिरडीत उंचावर, दातावर दात चढल्यासारखा उगवतो.

येथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. हत्तीच्या ज्या दातांना आपण सुळे म्हणतो, ते प्राणिशास्त्राच्या दृष्टीने सुळे नाहीतच. ते वरच्या जबड्यातले, अतिशय लांब वाढलेले पटाशीचे दात आहेत. हत्ती चावतो तो आत दडलेल्या प्रचंड दाढांनी. तेव्हा हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, ही म्हण शब्दशः खरी आहे.

उपदाढा : मधला दुवा

सुळा आणि दाढ यांच्या मधल्या दोन दातांना उपदाढा म्हणतात. प्रत्येक बाजूला वर दोन, खाली दोन, अशा एकूण आठ. त्यांच्या माथ्यावर सहसा दोन उंचवटे असतात. सुळ्याने फाडलेला तुकडा पकडून ठेवणे आणि त्याचा पहिला चुरा करणे, ही त्यांची जबाबदारी. सुळ्याची पकड आणि दाढेचा दाब हे दोन्ही गुण थोड्या प्रमाणात त्यांच्यात आहेत.

उपदाढांचे वैशिष्ट्य असे, की दुधाच्या दातांत त्या नसतातच. लहान मुलाला पटाशीचे दात, सुळे आणि दाढा एवढे तीनच प्रकार असतात. दहाव्या ते बाराव्या वर्षांच्या दरम्यान दुधाच्या दाढा पडतात आणि त्यांच्या जागी उपदाढा येतात. दात वेडेवाकडे असल्याने तारा बसवायच्या झाल्या आणि जागा करण्यासाठी एखादा दात काढावा लागला, तर बहुतेक वेळा निवड उपदाढेची होते, कारण तिचे काम शेजारची दुसरी उपदाढ सांभाळू शकते. दाढेचे काम मात्र कोणी सांभाळू शकत नाही.

दाढा : तोंडातले जाते

प्रत्येक बाजूला वर तीन आणि खाली तीन, अशा बारा दाढा. माथा रुंद, त्यावर चार-पाच उंचवटे आणि त्यांच्यामध्ये खोल खाचा. वरच्या दाढांना सामान्यतः तीन मुळे, खालच्यांना दोन. वरच्या दाढेचे उंचवटे खालच्या दाढेच्या खाचांत बसतात, आणि चावताना जबडा केवळ वरखाली होत नाही; तो थोडा आडवाही फिरतो. म्हणजे कुटणे आणि दळणे या दोन्ही क्रिया एकाच वेळी चालतात.

दाढा मागेच का, याचे उत्तर सुपारीच्या अडकित्त्यात मिळते. सुपारी अडकित्त्याच्या टोकाशी ठेवून कोणी कातरत नाही. ती सांध्याच्या जवळ ठेवली की कमी श्रमात फुटते. जबड्याचा सांधा कानाच्या पुढे असतो. दाढा या सांध्याला जवळ, पटाशीचे दात दूर. म्हणून एकाच स्नायूंच्या जोरावर दाढांखाली पडणारा दाब समोरच्या दातांपेक्षा कितीतरी अधिक असतो. कडक चण्यासाठी जीभ आपसूक घास मागे ढकलते.

भाकरीच्या एका घासाचा प्रवास पाहिला, तर सगळी वाटणी स्पष्ट होते. पटाशीचे दात तुकडा तोडतात. भाकरी कडक असेल तर सुळा मदतीला येतो. जीभ तुकडा उपदाढांकडे नेते. तेथे तो मोडतो. मग जीभ आणि गाल तो पुनःपुन्हा दाढांमध्ये सारत राहतात, लाळ त्यात मिसळते आणि पिठाचे बारीक, ओले लगदे होतात. लाळेतील विकर पिष्टाचे साखरेत रूपांतर करू लागते. म्हणूनच भाकरी बराच वेळ चावली की गोडसर लागते. पचनाची सुरुवात पोटात नाही, तोंडात होते. दाढा गमावलेला माणूस घास तसाच गिळतो किंवा मऊ, पिठूळ, गोड पदार्थांकडे वळतो. कच्च्या भाज्या, फळे आणि उसळी पानातून हळूहळू कमी होतात. एका दाताच्या जाण्याने आहार बदलतो, तो असा.

जात्याची पाळी गुळगुळीत झाली की पाथरवट तिला टाकी लावून देत असे. दाढांना टाकी लावण्याची सोय निसर्गाने ठेवलेली नाही.

दुधाचे दात 'पडणारेच' असतात?

साधारण सहाव्या महिन्यात खालचे मधले दोन दात दिसू लागतात आणि अडीच ते तीन वर्षांपर्यंत वीसही दुधाचे दात येऊन पूर्ण होतात. प्रत्येक जबड्यात चार पटाशीचे, दोन सुळे आणि चार दाढा. सहाव्या वर्षापासून ते पडू लागतात, पण सगळे एकदम नव्हे. समोरचे दात सहा ते आठ या वयात पडतात. दुधाच्या दाढा मात्र दहा-बारा वर्षांपर्यंत कामावर असतात. म्हणजे तिसऱ्या वर्षी किडलेल्या दाढेला पुढची सात-आठ वर्षे काम करायचे असते.

त्यांच्याकडे चावण्याखेरीज राखणदारीही असते. खाली घडत असलेल्या उपदाढेसाठी दुधाची दाढ जागा धरून ठेवते. ती कीड लागून वेळेआधी काढावी लागली, तर मागची दाढ पुढे सरकते आणि उपदाढेची वाट अडते. पुढे तारांवर होणारा खर्च अनेकदा येथे सुरू झालेला असतो. दुधाच्या दाढेची कीड मुळापर्यंत गेली, तर खालच्या कायमच्या दाताच्या इनॅमललाही दोष राहू शकतो.

सहाव्या वर्षाची अतिथी

आता त्या दाढेकडे वळता येईल. पहिली कायमची दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही. समोरचा दात हलू लागला की घरभर कौतुक होते, पडलेला दात कोठे ठेवायचा याची चर्चा होते. त्याच सुमारास मागे चार दाढा येऊन बसतात आणि कोणाचे लक्षही जात नाही. काही महिन्यांनी त्यांत काळा ठिपका दिसला, तरी 'दुधाची आहे, पडेल' असे म्हणून तो सोडून दिला जातो. वास्तविक ती पडणार नसते आणि पडली तर तिच्या जागी दुसरी येणार नसते. सहाव्या वर्षी आलेल्या या दाढेने साठ-सत्तर वर्षे चालायचे असते.

या दाढेचे घडणे बाळाच्या जन्माच्या सुमारास सुरू होते आणि तिचा माथा तिसऱ्या वर्षापर्यंत हाडाच्या आत पूर्ण होतो. बाहेर आल्यावर मात्र सर्व परिस्थिती तिच्या विरुद्ध असते. माथ्यावरच्या खाचा खोल, कधीकधी ब्रशच्या केसाहूनही अरुंद. नव्या इनॅमलला पुरता कणखरपणा येण्यास काही काळ लागतो. ती पूर्ण वर येईपर्यंत शेजारच्या दातांच्या पातळीखाली असते, त्यामुळे घासताना ब्रश तिच्यावरून निघून जातो. आणि सहा वर्षांच्या मुलाचा हात तेथवर नीट पोहोचत नाही. खाचांत अडकलेल्या गोड, चिकट कणांवर जंतू आम्ल तयार करतात. दाताच्या पृष्ठभागावरील सामू ५.५ च्या खाली उतरला की इनॅमलमधील खनिजे विरघळू लागतात.

ही दाढ काढावी लागली, तर नुकसान एका दातापुरते थांबत नाही. तिच्या मागची दाढ रिकाम्या जागेकडे कलते. समोरच्या जबड्यातली जोडीदार दाढ आधार न उरल्याने आपल्या जागेवरून हळूहळू बाहेर सरकते. फटींत अन्न अडकू लागते आणि शेजारचे दातही किडतात. मूल दुसऱ्या बाजूने चावू लागते आणि सारा भार एकाच अंगावर पडतो. वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे बसावेत, हे बऱ्याच अंशी या चार दाढा ठरवतात; त्यांतली एक गेली की मांडणी बिघडते.

ती ओळखण्याची रीत सोपी आहे. मुलाला तोंड उघडायला सांगून समोरच्या मध्यरेषेपासून एका बाजूला दात मोजत मागे जावे. पाच दात हे दुधाचे वा त्यांच्या जागी आलेले. सहावा दिसला, की तो कायमचा. हे मोजणे चारही बाजूंना करावे. सहावा दात नीट वर आला की दंतवैद्याकडून त्याच्या खाचांवर संरक्षक लेप बसवून घेता येतो. त्यासाठी सहसा सुई टोचावी लागत नाही वा दात कोरावा लागत नाही, आणि काम काही मिनिटांत होते. ठिपका आधीच पडला असेल, तर वेळीच भरल्यास दाढ वाचते. कीड खोल गेली असेल, तरी काढण्याआधी वाचवण्याचे उपाय आहेत का, हे पालकांनी आवर्जून विचारावे.

अक्कलदाढ

दुसरी दाढ बाराव्या वर्षाच्या आसपास येते आणि तिसरी, म्हणजे अक्कलदाढ, सतरा ते पंचवीस या वयात. अकलेशी तिचा संबंध एवढाच, की ती माणूस जाणता होण्याच्या वयात येते. काहींना ती येतच नाही, आणि त्यात काही उणे नाही. पुष्कळांच्या जबड्यात तिला पुरेशी जागा नसते. मग ती आडवी अडकते किंवा अर्धीच बाहेर येते. अर्धवट झाकणाऱ्या हिरडीखाली अन्न साचून सूज येते, तोंड उघडणे अवघड होते. अशा वेळी ती काढणे हिताचे ठरते. सरळ आलेली, स्वच्छ राहणारी आणि त्रास न देणारी अक्कलदाढ मात्र केवळ अक्कलदाढ आहे म्हणून काढण्याचे कारण नाही.

चिठ्ठीवरचे दोन अंक

दंतवैद्याच्या चिठ्ठीवर '४६' किंवा '८५' असे आकडे असतात. ते दातांचे पत्ते होत. जागतिक दंत महासंघाच्या पद्धतीत पहिला अंक तोंडाचा विभाग सांगतो आणि दुसरा मध्यरेषेपासून दाताचा क्रमांक. बँकेत जसा शाखेचा अंक वेगळा आणि खात्याचा वेगळा. कायमच्या दातांसाठी रुग्णाचा वरचा उजवा भाग १, वरचा डावा २, खालचा डावा ३ आणि खालचा उजवा ४. दुधाच्या दातांसाठी याच क्रमाने ५, ६, ७ आणि ८. म्हणजे ४६ ही खालच्या उजव्या बाजूची पहिली कायमची दाढ, आणि ८५ ही तिच्या लगतची दुधाची दाढ. पहिला अंक १ ते ४ असेल तर दात कायमचा, ५ ते ८ असेल तर दुधाचा. सात वर्षांच्या मुलाच्या चिठ्ठीवर १६, २६, ३६ किंवा ४६ यांपैकी आकडा दिसला, तर 'दुधाचा असेल' असे मानून चालू नये.

ज्याची त्याची निगा

प्रत्येक प्रकारच्या दाताचे काम वेगळे, तसे धोकेही वेगळे. तान्ह्या मुलाला रात्री गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवण्याच्या सवयीने प्रथम किडतात ते वरचे समोरचे दात. दाढा किडतात त्या खाचांतून आणि दोन दातांच्या फटींतून. खालच्या समोरच्या दातांच्या मागे, लाळेच्या ग्रंथींची तोंडे जवळ असल्याने, किटण लवकर साचते. उतारवयात हिरडी मागे हटून मुळे उघडी पडतात, आणि मुळांवर इनॅमलचे कवच नसल्याने कीड तेथे वेगाने पसरते. मधुमेह असलेल्यांना हिरड्यांचे विकार अधिक सतावतात, आणि हिरड्यांच्या विकारामुळे रक्तातील साखर आटोक्यात ठेवणेही अवघड जाते. महाराष्ट्रात अनेक स्त्रियांना दातांना मिश्री लावण्याची सवय असते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, आणि तिने दात बळकट होत नाहीत, उलट हिरड्यांची हानी आणि कर्करोगाचा धोका वाढतो.

उपाय साधे आहेत. फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दिवसातून दोनदा, त्यातही रात्री झोपण्यापूर्वी अवश्य, दात घासावेत. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. सात-आठ वर्षांचे होईपर्यंत मुलाच्या मागच्या दाढा मोठ्यांनी घासून द्याव्यात. गोड पदार्थ जेवणासोबत खाल्लेले बरे. दिवसभर थोडेथोडे चघळत राहिल्याने दातांना सावरायला उसंत मिळत नाही. एखादी दाढ गेलीच, तर ती जागा वर्षानुवर्षे रिकामी ठेवू नये.

निसर्गाने ही ठेव दोन हप्त्यांत दिली आहे. पहिला हप्ता वीस दातांचा, दुसरा बत्तिसांचा. दुसऱ्या हप्त्यातील पहिल्या चार दाढा हाती पडतात तेव्हा ज्याच्या नावावर ठेव आहे तो अवघा सहा वर्षांचा असतो. तोवर तिची राखण करणे हे घरातल्या मोठ्या माणसांचे काम आहे.

एका दृष्टिक्षेपात : कायमचे दात

पटाशीचे दात – ८. येण्याचे वय ६ ते ९ वर्षे. काम : कापणे, उच्चारास साहाय्य.

सुळे – ४. खालचे ९ ते १०, वरचे ११ ते १२ वर्षे. काम : फाडणे, जबड्याला दिशा देणे.

उपदाढा – ८. १० ते १२ वर्षे. काम : पकडणे, चुरा करणे.

पहिल्या दाढा – ४. सुमारे ६ वर्षे. काम : दळणे, दातांची मांडणी राखणे.

दुसऱ्या दाढा – ४. सुमारे १२ वर्षे. काम : दळणे.

अक्कलदाढा – ४ किंवा कमी. १७ ते २५ वर्षे. जागा असल्यास काम : दळणे.